रमाबाई रानडे : माजघरात उजळलेली शारदा

शारदीय नवरात्रात मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन होते, पूर्वाषाढावर पूजन आणि श्रवणावर विसर्जन. चौरंगावर पोथ्या-पुस्तके मांडली जातात, त्यांवर गंधाक्षता वाहिल्या जातात आणि विजयादशमीला पाटीवर एकाच्या आकड्यांनी रेखलेली शारदा मुलांच्या पुढ्यात येते. महाराष्ट्रातील घराघरांत ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली. चौरंगाखालची जमीन सारवायची स्त्रियांनी, फुले वेचायची स्त्रियांनी, नैवेद्य रांधायचा स्त्रियांनी. आणि जिची पूजा करायची ती देवताही स्त्रीरूपच! पूजा आटोपली, की पाटी उचलायची मात्र मुलाने. दीडशे वर्षांपूर्वीच्या पांढरपेशा घरांत यात कोणास काही विसंगत वाटत नसे. ज्यांना ते वाटले, आणि ज्यांनी ती विसंगती भांडून दूर करण्याऐवजी सोसून दूर केली, त्या रमाबाई रानडे यांचे चरित्र नवरात्राच्या दिवसांत आठवणे उचित होईल.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा, देवराष्ट्रे या गावच्या कुर्लेकर घराण्यातला. माहेरचे नाव यमुना. घराणे प्रतिष्ठित, वडील धार्मिक वृत्तीचे, आई कथा-पुराणे मुखोद्गत असलेली आणि झाडपाल्याच्या औषधांत जाणती. अशा घरात मुलीला अक्षरओळख का नसावी? त्याचे कारण मोठे विलक्षण होते. कुटुंबातील एका आत्याला लिहिता-वाचता येत असे आणि तिला वैधव्य आले. वैधव्याचा दोष विद्येच्या माथी बसला आणि त्या घरातील मुलींची पाटी कायमची बंद झाली. आज हे वाचून हसू येईल. पण हसण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्या काळी वैधव्य म्हणजे स्त्रीच्या जिवंतपणीच तिच्या आयुष्याचा अंत असे. ज्या आईबापांच्या मनात ही भीती शिरली, त्यांनी मुलीला पाटीपासून दूर ठेवले ते द्वेषाने नव्हे, मायेने. स्त्रीशिक्षणाच्या वाटेवरचा सर्वांत अवघड धोंडा हाच होता, कारण तो प्रेमाने आणून ठेवलेला होता.

१८७३ च्या ऑक्टोबरात महादेव गोविंद रानडे यांच्या प्रथम पत्नी निवर्तल्या. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, पुण्यास न्यायखात्यात आणि विधवाविवाहाच्या चळवळीतील अग्रणी. आता त्यांनी एखाद्या विधवेशीच लग्न करावे, अशी सुधारकांची अपेक्षा होती आणि त्यांच्या वडिलांना धास्ती होती ती नेमकी याचीच. वडिलांनी घाईने वधू शोधली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अकरा वर्षांच्या यमुनेशी त्यांचे लग्न लागले. पित्याची आज्ञा मोडवेना म्हणून रानडे उभे राहिले. तत्त्व मोडल्याबद्दल त्यांना पुढे आयुष्यभर बोल ऐकावे लागले, आणि ते बोल अगदीच अनाठायी होते असे म्हणता येणार नाही. मात्र या लग्नात जे हातून निसटले, त्याची भरपाई त्यांनी दुसऱ्या वाटेने करण्याचे मनाशी ठरविले असावे, असे पुढील हकिकतीवरून दिसते.

मुलीला सासरी सोडून निघताना रमाबाईंच्या वडिलांनी तिला एक उपदेश केला. घर मोठे आहे, माणसे नाना स्वभावांची असतील. सगळे सोसावे, उलट उत्तर करू नये आणि कोणाचेही गाऱ्हाणे पतीच्या कानी घालू नये. अकरा वर्षांच्या पोरीने हे व्रत घेतले आणि पाळले. ते व्रत तिला किती महागात पडणार आहे, याची कल्पना तेव्हा वडिलांनाही नसावी.

वडील निघून गेले त्याच रात्री पतीने आपल्या बालवधूस जवळ बसवून विचारपूस केली, तिला काही लिहिता-वाचता येते का ते पाहिले आणि काहीच येत नाही असे कळताच पाटी-पेन्सिल घेऊन श्रीगणेशा गिरवावयास दिला. रोज रात्री दिवसाची कामे संपल्यावर हा पाठ चालू लागला. थोड्याच दिवसांत मुळाक्षरे झाली, बाराखडी झाली, पहिले पुस्तक वाचून झाले. पुढे दिवसा शिकवावयास एक शिक्षिका येऊ लागली, आणि खऱ्या परीक्षेस तेथून प्रारंभ झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मुलींच्या शाळा पुण्यास तेव्हा नव्हत्या असे नाही. १८४८ सालीच जोतीराव फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली होती आणि सावित्रीबाईंनी अंगावर शेण-माती झेलून ती चालविली होती. रमाबाई पुण्यात आल्या त्याला पंचवीस वर्षे लोटली होती. स्त्री-शिक्षिका तयार करणारी संस्थाही गावात उभी राहिली होती. म्हणजे शाळा होती, शिक्षिका होती, आणि येथे तर शिकवावयास स्वतः पतीही उत्सुक होता. तरीही माजघरापासून पाटीपर्यंतचे चार पावलांचे अंतर तोडणे सोपे नव्हते. सरकारने शाळा काढल्या, की मुली शिकतील असे मानणाऱ्यांनी रानडे यांच्या घरातील ती पाच-सहा वर्षे अभ्यासावीत.

रानडे यांचे घर माणसांनी भरलेले होते. सासूबाई, विधवा नणंद, आश्रयास आलेल्या वडीलधाऱ्या स्त्रिया, येणारे-जाणारे पाहुणे. या स्त्रियांना नव्या सुनेचे वाचन डोळ्यांसमोर नको होते. वाचावयाचेच असेल तर रात्री, पतीपुढे, मनातल्या मनात वाचावे; दिवसा चारचौघींत पुस्तक हाती घेऊन मोठ्याने वाचणे म्हणजे वडिलांचा धडधडीत उपमर्द. पुरुष बोलतात, त्यांना हौस असते. शहाण्या बायकोने ऐकून न ऐकल्यासारखे करावे, म्हणजे ते आपसूक कंटाळतात, असा सल्लाही तिला मिळे. सल्ला मानला नाही, की टोमणे सुरू होत, अबोला धरला जाई, आणि स्वयंपाकघरातील कामांत तिची चूक शोधण्याची जणू अहमहमिका लागे. पुस्तक हाती असलेल्या सुनेचा भात कच्चा राहिला, तर तो नुसता कच्चा भात राहत नाही. तो विद्येविरुद्धचा पुरावा होतो!

मराठी झाल्यावर इंग्रजीचा आरंभ झाला आणि रोष दुणावला. इंग्रजी शिकवावयास पुढे परधर्मीय बाई येऊ लागल्या. त्यांच्याजवळ बसून धडा घेतला म्हणजे विटाळ झाला. स्नान करून लुगडे बदलल्यावाचून रमाबाईंना स्वयंपाकघरात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. सोवळ्याचा नियम त्या घरात नवा नव्हता आणि रमाबाईंची त्यावर श्रद्धाही होती. पण शुद्धीसाठी असलेला नियम शिक्षेसाठी वापरता येतो, हे त्यांना तेथे कळले. सोवळे मोडून त्यांनी बंड केले असते, तर दुसऱ्या दिवशी शिक्षण थांबले असते. त्यांनी स्नान केले, लुगडे बदलले, पोळ्या लाटल्या आणि रात्री पुन्हा पुस्तक उघडले.

पतीस यातले काही सांगावयाचे नाही, हे पित्याने घातलेले व्रत होते. त्यामुळे दिवसभराचे बोल गिळून रात्री हसतमुखाने धडा द्यावयाचा, हा नित्यक्रम वर्षानुवर्षे चालला. न्यायमूर्तींना सारे कळत नव्हते असे नाही. पहाटे उठून तुकोबांचे अभंग आळविणारा तो माणूस घरातील वडील स्त्रियांना उलटून बोलत नसे आणि आपला हेतूही सोडत नसे. पत्नीने सोसावे आणि शिकावेही, ही त्यांची अपेक्षा. एवढे ओझे एका लहान मुलीवर टाकणे न्याय्य होते काय, हा प्रश्न कोणाही वाचकाच्या मनात येईल. त्याचे सरळ उत्तर देणे कठीण आहे.

त्या विरोध करणाऱ्या स्त्रियांकडेही जरा सहानुभूतीने पाहावयास हवे. त्यांच्यातील काही स्वतः विधवा होत्या. बुद्धी होती, कर्तृत्व होते; पण त्यांच्या हाती कोणी पाटी दिली नाही. पुरुषांपुढे जाता येत नाही, मंगलकार्यात पुढे होता येत नाही, अधिकार गाजवावयास उरते ते फक्त माजघर. त्या माजघरातही एक पोर पुस्तकाच्या बळावर आपल्या पलीकडे निघून जाणार, हे त्यांना दिसत होते. शिवाय कुळाची अब्रू, शेजाऱ्यांची कुजबूज, कुलधर्म बिघडला तर येणारे अरिष्ट, या सर्वांची राखण आपल्यावर आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ज्यांना कुंपणात ठेवले, त्यांनाच कुंपणाची राखण सोपवावी, ही समाजाची जुनी युक्ती आहे.

१८७८ साली रानडे यांची बदली नाशिकला झाली आणि रमाबाईंना मोकळा श्वास घेता आला. स्वतःचे घर, स्वतःचा हिशेब, अभ्यासास निवांत वेळ. तेथे लोकहितवादी गोपाळराव देशमुख यांचा सहवास लाभला. गोदावरीकाठच्या त्या क्षेत्रात स्त्रियांस सभेला या म्हटले असते, तर एकही आली नसती. तेव्हा हळदीकुंकवाचे बोलावणे करावे, सुवासिनी जमल्या की सीता-सावित्रीच्या कथा सांगाव्यात आणि बोलता बोलता मुलींस शाळेत घालण्याचा विषय काढावा, असा क्रम ठेवण्यात आला. रमाबाईंनी पहिले जाहीर भाषण केले तेही नाशिकमध्येच. ते त्यांना पतीने लिहून दिले होते. हळदीकुंकू हा स्त्रियांचा स्वतःचा, पुरुषांच्या परवानगीची गरज नसलेला मेळा. या मेळ्यातून विद्येला वाट काढून देता येते, हे रमाबाईंना तेथे उमगले, आणि ती शिदोरी त्यांना जन्मभर पुरली.

पुन्हा पुण्यास आल्यावर मात्र जुने सारे तसेच होते. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. चोवीस वर्षांची, हजारो संस्कृत श्लोक पाठ असलेली ती विदुषी व्याख्याने देऊ लागली, तेव्हा पुण्याच्या वाड्यावाड्यांतून खळबळ उडाली. आर्य महिला समाज स्थापन झाला. त्याच वर्षी पुण्यास आलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना पंडिताबाईंनी मुलींसाठी स्त्री-शिक्षिका आणि रोगी स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर यांची मागणी केली. रानडे यांच्या पत्नी समाजाच्या सभांना जाऊ लागल्या आणि घरी परतल्यावर त्यांना जुन्याच अबोल्याला तोंड द्यावे लागले.

मुलींसाठी हायस्कूल निघावे, ही खटपट त्याच सुमाराची. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे भरसभेत ही मागणी मांडणारे इंग्रजी भाषण वाचण्याचे काम रमाबाईंवर आले. विचार करा, दहा वर्षांपूर्वी जिला अ काढता येत नव्हता, ती बावीस वर्षांची कुलीन स्त्री शेकडो पुरुषांसमोर उभी राहून परक्या भाषेत आपल्या बहिणींसाठी विद्या मागते आहे! सभेत वाहवा झाली. घरी त्या रात्री काय झाले असेल, हे वाचकांस सांगावयास नको. सभेत मिळालेल्या मानाने उर भरून आला नाही आणि घरात मिळालेल्या बोलांनी पाय मागे घेतला नाही. दोहोंमध्ये मन स्थिर ठेवण्याचा अभ्यास माजघरात आधीच झाला होता.

२९ सप्टेंबर १८८४ रोजी ते हायस्कूल सुरू झाले. पुणेकर त्यास हुजूरपागा म्हणून ओळखतात आणि ती शाळा आजही चालू आहे. वामनराव मोडक, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्रभृतींचे श्रम त्यामागे होते. विरोधही कमी झाला नाही. मुलींनी दिवसभर शाळेत बसले तर घरकाम केव्हा शिकावयाचे, इंग्रजी शिकून त्या सासरी नांदतील कशा, असे आक्षेप वृत्तपत्रांतून झडत राहिले. त्यांतील काही आक्षेप घेणारे थोर देशभक्त होते, हे विसरता येत नाही.

१८८६ साली रानडे सरकारी समितीच्या कामासाठी कलकत्त्यास गेले, तेव्हाची एक लहानशी गोष्ट येथे सांगावीशी वाटते. रमाबाईंनी बंगाली शिकावे, अशी त्यांची इच्छा. पण शिकवावयाचे तर आधी स्वतःला यावयास हवे. म्हणून बंगाली पुस्तके आणून ते स्वतः शिकू लागले, आणि एके दिवशी रमाबाईंनी पाहिले ते असे, की न्हावी दाढी करीत आहे आणि न्यायमूर्ती हातात बंगाली पुस्तक धरून अडलेले शब्द त्यालाच विचारीत आहेत! रमाबाईंना प्रथम हे हास्यास्पद वाटले. पण ज्याच्यापाशी विद्या आहे, तो गुरू, हा धडा त्या प्रसंगातून मिळाला आणि थोड्याच अवधीत त्या बंगाली वाचू लागल्या.

यानंतरच्या काही वर्षांत स्त्रीशिक्षणाच्या कार्यावर एक संकट आले. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या होत्या. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. तेथे धर्मोपदेश होणार नाही, या भरवशावर रानडे-भांडारकरांनी सल्लागार म्हणून नावे दिली होती. सदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात अशी तक्रार उठली आणि १८९३ साली दोघांनीही अंग काढून घेतले. वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पंडिताबाईंनी निराधार विधवांना दिलेला आसरा खरा होता, आणि पालकांना बसलेला धक्काही खरा होता. परिणाम मात्र मुलींना भोगावा लागला. मुलगी शिकावयास पाठविली की धर्म गमावला, असे म्हणणाऱ्यांच्या हाती आयते निमित्त आले. श्रद्धावान हिंदू घरातून, देव्हाऱ्याशी नाते न तोडता विद्या मिळाली पाहिजे, ही गरज तेव्हा तीव्रतेने जाणवली. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तो याच गरजेपोटी. आणि रमाबाईंचे पुढील सारे कार्य त्याच दिशेने गेले.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे कालवश झाले. लहानपणापासून ज्या वैधव्याच्या भीतीने त्यांच्या माहेरी पाटी बंद झाली होती, ते वैधव्य अडतिसाव्या वर्षी आले. शिकल्यामुळेच हे ओढवले, असे म्हणणारे तेव्हाही कोणी निघाले असतील. रमाबाई मुंबई सोडून पुण्याच्या जुन्या वाड्यात येऊन राहिल्या. सुमारे वर्षभर त्या कोठे गेल्या नाहीत. पतीची धर्मपर व्याख्याने त्यांनी संकलित करून प्रसिद्ध केली. मग त्या घराबाहेर पडल्या. पहिला रस्ता कोठला असावा? तुरुंगातील स्त्री-कैद्यांकडचा. सणावाराला रुग्णालयांत फळे-फुले नेणे, सुधारगृहातील मुलांना खाऊ देणे, हेही सुरू झाले. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या.

१९०१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानात शंभर स्त्रियांमागे एक साक्षर स्त्रीही भरत नव्हती. अशा वेळी २ ऑक्टोबर १९०९ रोजी रमाबाईंच्या राहत्या वाड्यात पुणे सेवासदन सुरू झाले. आदल्या वर्षी मुंबईस बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन काढले होते आणि त्याचेही अध्यक्षपद रमाबाईंकडेच होते. पुण्यास गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या हाताशी होते. वाड्यात येणाऱ्या स्त्रिया बहुतेक प्रौढ. कोणी विधवा, कोणी टाकलेल्या, कोणी घरकाम आटोपून दुपारी दोन घटका येणाऱ्या गृहिणी. मुलींची शाळा या वयाच्या स्त्रियांसाठी नव्हती. लेखन-वाचन, शिवण, हिशेब, आणि ज्या पुढे जातील त्यांना शिक्षिकेचे शिक्षण, असा क्रम आखण्यात आला. शिकण्याचे वय निघून गेले, ही स्त्रियांना अडविणारी आणखी एक भिंत. ती सेवासदनने मोडली.

परिचारिकांचा वर्ग काढताना मात्र सारे पुणे हादरले. ससून रुग्णालयात उच्चवर्णीय विधवांनी जावयाचे, परक्या माणसांना स्पर्श करावयाचा, जातगोत न पाहता जखमा धुवावयाच्या, रात्रपाळी करावयाची! पंचवीस-तीस वर्षांपूर्वी धडा घेतल्यावर ज्यांना स्नान करावे लागे, त्याच रमाबाई आता विधवांना रुग्णसेवेस पाठवीत होत्या. त्यांनी सोवळ्याची थट्टा केली नाही. रोग्याची सेवा हीदेखील पूजाच, हे त्यांनी घरोघर जाऊन, आईबापांची समजूत घालून पटविले. आपल्या जबाबदारीवर एकेक मुलगी मागून घेतली. रमाबाईंचे नाव सांगितले की पालक मुलीला पाठवीत. कारण ही बाई देवधर्म सोडणारी नाही, हे पुण्याने चाळीस वर्षे पाहिले होते.

१९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. पुण्यात प्रश्न निघाला, तेव्हा पैसा अपुरा आहे, आधी मुलांची सोय करू, मुलींचे सवडीने पाहू, असा पक्ष प्रबळ होता. युक्तिवाद व्यवहारी होता, आणि म्हणूनच घातक. कारण सवडीने पाहावयाच्या गोष्टी कधीच पाहिल्या जात नाहीत. १९२० साली रमाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. मुलींनाही सक्तीचे शिक्षण मिळावे, म्हणून स्त्रियांची मिरवणूक घेऊन त्या पुण्याच्या रस्त्यावर उतरल्या. ज्यांनी कधी उलट उत्तर केले नव्हते, त्यांना आता भर रस्त्यात उत्तर मागावयाचे होते.

अखेरच्या वर्षांतही आषाढी-कार्तिकीच्या यात्रेस सेवासदनच्या स्वयंसेविका घेऊन त्या आळंदीस जात. गर्दीत चुकलेल्या, आजारी पडलेल्या वारकरी बायांची सोय पाहावी, यासाठी. इंद्रायणीच्या घाटावर ज्ञानोबांचे नाव घेणाऱ्या त्या हजारो बायांपैकी बहुतेकींना ज्ञानेश्वरीची एकही ओवी स्वतः वाचता येत नव्हती. हे शल्य रमाबाईंना बोचले नसेल असे कोण म्हणेल?

१९२४ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक, आमच्या आयुष्यातील काही आठवणी, १९१० साली प्रसिद्ध झाले होते व त्याला गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना होती. पतीचे चरित्र म्हणून लिहिलेल्या त्या पुस्तकात माजघरातील ती सारी वर्षे आली आहेत. टोमणे आहेत, अबोला आहे, स्नानाची सक्ती आहे. आणि ज्यांनी हे सारे केले, त्या वडील स्त्रियांचा उल्लेख प्रत्येक ठिकाणी सासूबाई, वन्सं अशा मानाच्या नात्यानेच केलेला आहे.